माळ्यावरच्या ठोकळ्यांपासून स्क्रीनवरच्या कौलारू घरापर्यंत

बेळगावात लेगोच्या प्लास्टिक ठोकळ्यांचा बंद डबा मिळतो, पण खडेबाजारात जाऊन “चार स्टडचे (वर चार गोल उंचवटे असलेले) अकरा पांढरे ठोकळे द्या” असं म्हणता येत नाही. मोठेपणी या नादाला पुन्हा लागणारे बहुतेक जण इथेच अडतात. मनात असतं आजोळचं कौलारू घर, आणि दुकानात असते रेसिंग कार. मग महागडे डबे आणून त्यातले तुकडे वेचणं सुरू होतं. खिसा रिकामा होतो आणि छपराला तीन तुकडे कमी पडतातच.

हे टाळायचं असेल तर घर आधी संगणकावर बांधा. तिथे ठोकळे फुकट आहेत, चूक फुकट आहे, आणि शेवटी नेमकी यादी हातात येते. ती यादी घेऊनच खरेदीला निघा. खाली हा सगळा क्रम दिला आहे. उदाहरण म्हणून बेळगावशेजारच्या खानापूरकडच्या एका साध्या कौलारू घराचं ५९ तुकड्यांचं मॉडेल घेतलं आहे.

जवळ काय हवं

विंडोज किंवा मॅकचा संगणक, चाक असलेला माऊस, मोजपट्टी, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर, चार पसरट ताटं, आणि ठोकळे सोडवायची दोन नारिंगी सेपरेटर. उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांच्या घरी व्हर्नियर असतोच. नसेल तर शेजारी मिळेल. परदेशातून तुकडे मागवणार असाल तर आधार किंवा पॅन आणि पत्त्याचा पुरावाही काढून ठेवा. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

१. माळ्यावरची पेटी उतरवा

आधी प्रत्येक तुकडा उलटसुलट बघा. खऱ्या लेगोच्या ठोकळ्याच्या वरच्या प्रत्येक गोल उंचवट्यावर, म्हणजे स्टडवर, कंपनीचं नाव उठावात असतं. नाव नसेल तो तुकडा वेगळ्या डब्यात टाका. नक्कल म्हणजे वाईटच असं नाही, पण मापात केसाएवढा फरक असला तरी दहा थरांनंतर तो डोळ्यांना दिसतो.

शंका असेल तर मोजा. दहा ठोकळे एकावर एक दाबून बसवा आणि तळापासून वरच्या ठोकळ्याच्या सपाट माथ्यापर्यंतचं माप घ्या. सगळ्यात वरचे स्टड धरू नका. ९६ मिलिमीटर यायला हवेत. ९७ आले तर त्या ढिगात नक्कल मिसळलेली आहे, किंवा एखादा ठोकळा नीट बसलेला नाही. पुन्हा दाबा आणि पुन्हा मोजा.

धुताना पाणी कोमट ठेवा, ४० अंशांच्या वर नको. भांड्यांचा साबण दोन थेंब आणि मऊ ब्रश पुरे. उकळतं पाणी, वॉशिंग मशीन आणि अंगणातलं कडक ऊन, तिन्ही वर्ज्य. हे प्लास्टिक एबीएस आहे. उष्णतेने ते वाकतं आणि उन्हाने पांढऱ्याचं पिवळं होतं. पावसाळ्यात धुवायला काढलं तर पोकळ बाजू खाली करून जुन्या धोतराच्या कपड्यावर पंख्याखाली दोन दिवस तरी पसरून ठेवा. नळ्यांच्या आत पाणी अडकून राहतं आणि आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत ते आपोआप सुकत नाही.

वर्गवारी रंगाने करू नका. सगळे नवखे रंगाने करतात, आणि मग लाल ढिगात लाल रंगाची बारीक प्लेट, म्हणजे पातळ चपटा तुकडा, शोधत बसतात. आकाराने वेगळं केलं तर डोळा रंग चटकन पकडतो. एका ताटात ठोकळे, दुसऱ्यात प्लेट, तिसऱ्यात उतारांचे तुकडे, चौथ्यात बाकी सगळं, एवढ्यावर सुरुवात होते.

घट्ट बसलेल्या प्लेट दातांनी सोडवू नका. दातांचे व्रण कायमचे राहतात. एका सेपरेटरचं टोक वरच्या प्लेटवर आणि दुसऱ्या सेपरेटरचं टोक खालच्या प्लेटला लावून विरुद्ध दिशेने दाबा, म्हणजे त्या सुटतात. तपकिरी आणि गडद लाल रंगाचे काही वर्षांपूर्वीचे तुकडे मात्र जपून हाताळा. हे दोन रंग ठिसूळ होण्यासाठी बदनाम आहेत. जोर लावला की कडेला चीर जाते.

२. आठ मिलिमीटरचं गणित

स्क्रीनवर जायच्या आधी हे गणित हातात बसू द्या. ज्याला ते बसलं, त्याचं निम्मं काम झालं.

एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६. प्लेटची उंची ३.२, म्हणजे तीन प्लेट मिळून एक ठोकळा. एक स्टडचा ठोकळा प्रत्यक्षात ७.८ मिलिमीटर रुंद असतो. उरलेला ०.२ शेजाऱ्यासाठी मोकळा सोडलेला असतो, नाहीतर भिंतीत ठोकळे एकमेकांना रेटतील.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ठोकळा घनाकृती नाही, रुंदीपेक्षा उंच आहे. आठ ठोकळे रुंद आणि आठ ठोकळे उंच भिंत रचली तर ती चौरस दिसत नाही. चौरस हवा तर सहा स्टड रुंदीला पाच ठोकळे उंची, दोन्ही ४८ मिलिमीटर. दुसरी, पाच प्लेटची उंची बरोबर दोन स्टडच्या रुंदीइतकी भरते, १६ मिलिमीटर. आडवे, बाजूला तोंड करून ठोकळे बसवायची सगळी कला या एका बरोबरीवर उभी आहे. सुरुवातीला तिची गरज नाही, पण पाठ असू द्या.

या ठोकळ्याच्या आतल्या नळ्यांच्या रचनेचं पेटंट डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झालं. तेव्हापासून माप बदललेलं नाही. म्हणून वडिलांच्या पेटीतला ठोकळा आणि आज आणलेल्या डब्यातला ठोकळा एकमेकांत बसतात. फाउंड्रीत पॅटर्न आणि टॉलरन्सशी रोज झगडणाऱ्यांना यामागची मेहनत वेगळी सांगायला नको.

३. सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं

जुन्या व्हिडिओंमध्ये ‘लेगो डिजिटल डिझायनर’ घ्यायला सांगतात. त्याच्या मागे लागू नका. कंपनीने ते २०२२ च्या सुरुवातीला बंद केलं आणि ‘ब्रिकलिंक स्टुडिओ’ पुढे केलं. स्टुडिओ मोफत आहे आणि विंडोज-मॅक दोन्हींवर चालतं. तुमच्या मॉडेलची यादी थेट ब्रिकलिंकच्या, म्हणजे सुट्या लेगो तुकड्यांच्या ऑनलाइन, बाजारात नेण्याची सोय त्यात आहे. पुढची सगळी माहिती स्टुडिओ धरूनच दिली आहे.

संगणक जुना असेल किंवा लिनक्स असेल तर ‘लिओकॅड’ घ्या. तेही मोफत आहे आणि कमी ताकदीच्या लॅपटॉपवर सुरळीत चालतं. मोबाईलवर हे काम करायचा हट्ट धरू नका, डोळे आणि बोटं दोन्ही दुखतील.

दोन्हींच्या मुळाशी ‘एलड्रॉ’ नावाची, ठोकळ्यांचं मॉडेल फाइलमध्ये लिहून ठेवायची पद्धत आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये ती सुरू केली. दोन वर्षांत ते वारले, पण तुकड्यांचा तो संग्रह जगभरच्या हौशी लोकांनी वाढवत नेला. एलड्रॉची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडतो. एका लाल ठोकळ्याची ओळ अशी दिसते (प्रत्यक्षात इंग्रजी आकड्यांत आणि अक्षरांत):

१ ४ ० −२४ ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला १ म्हणजे “इथे एक तुकडा आहे”. ४ म्हणजे लाल रंग. पुढचे तीन आकडे त्याची जागा, त्यानंतरचे नऊ त्याचं वळण, आणि शेवटी तुकड्याचं नाव. ३००१ म्हणजे आपला नेहमीचा दोन-बाय-चारचा ठोकळा. मोजमापाचं एकक ०.४ मिलिमीटर आहे, म्हणून एक स्टड २०, ठोकळ्याची उंची २४ आणि प्लेटची ८. सगळे पूर्णांक, अपूर्णांकांची कटकट नाही. एकच विचित्रपणा लक्षात ठेवा: यात वर जाणं म्हणजे उणे. वरच्या ओळीतला −२४ म्हणजे ठोकळा एक थर वर चढला आहे. सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम वाचणाऱ्याला ही ओळ पाच मिनिटांत उमजते. आणि कधी फाइल बिघडली तर तीच ओळ हाताने दुरुस्त करता येते.

४. स्क्रीनवरचा पहिला तास

पहिल्या तासात घर बांधायला घेऊ नका. एक दोन-बाय-चारचा ठोकळा आणा, त्यावर दुसरा बसवा, फिरवा, पुसा, पुन्हा आणा. डावीकडे तुकड्यांची यादी असते आणि मध्ये मोकळी जागा. माऊसचं उजवं बटण दाबून ओढलं की नजर फिरते, चाकाने जवळ-लांब जाता येतं, बाणांच्या कळांनी हातातला तुकडा वळतो. टचपॅडवर हे तिन्ही जमवताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून वर माऊस सांगितला.

शोधताना नवख्यांना तीन ठिकाणी ठेच लागते.

कीबोर्ड मराठीवर किंवा कन्नडवर राहिलेला असतो आणि शोधात काहीच सापडत नाही. तुकड्यांची नावं आणि क्रमांक दोन्ही इंग्रजी अक्षरांत, इंग्रजी आकड्यांतच टाकायचे. या लेखातले क्रमांकही तसेच टाका.

एकाच तुकड्याच्या साच्यात वर्षानुवर्षे बारीक बदल झालेले असतात, म्हणून क्रमांकापुढे ए, बी अशी अक्षरं लागलेली दिसतात. स्क्रीनवर कोणताही चालतो, पण खरेदीच्या वेळी जो जास्त दुकानांत मिळतो तो घ्या.

आणि तिसरी, सगळ्यात महागात पडणारी: स्क्रीनवर कोणताही तुकडा कोणत्याही रंगात रंगवता येतो, कारखान्यात मात्र तो त्या रंगात कधी निघालेलाच नसतो. निळीचा हात दिल्यासारखी फिकट निळी भिंत स्क्रीनवर सुरेख दिसते. ती मनात भरायच्या आधी प्रत्येक तुकडा त्या रंगात आहे का ते बघा. निवडलेल्या रंगात उपलब्ध असलेलेच तुकडे दाखवणारी गाळणी स्टुडिओत आहे. ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

धडकेची तपासणीही चालूच असू द्या. ती बंद असली तर दोन ठोकळे एकमेकांत घुसतात आणि चित्र बरोबर दिसत राहतं. चूक कळते ती दोन महिन्यांनी, खरे तुकडे हातात आल्यावर.

५. घराचं माप घ्या

प्रमाण १:१०० धरा. यात एक स्टड म्हणजे ८० सेंटिमीटर, एक ठोकळा उंची म्हणजे ९६ सेंटिमीटर. फुटांत मोजलं असेल तर फुटांना ०.३८ ने गुणा, स्टड मिळतात.

आपलं घर २१ फूट बाय ३१ फूट धरलं तर ८ बाय १२ स्टड होतात. भिंत ९ फुटांची, म्हणजे तीन ठोकळे. दार एक स्टड रुंद आणि दोन ठोकळे उंच ठेवलं की साधारण अडीच फूट बाय सहा फूट चार इंच होतं. खिडकी एक स्टड, एक ठोकळा. जोतं एका प्लेटचं, म्हणजे फूटभर.

माप विषम आलं तर सम करून घ्या. आढं मधोमध यायचं तर रुंदी सम हवी, आणि छपराचे तुकडे चार-चार स्टडचे असल्याने लांबीला चारने भाग जावा. अर्ध्या-पाऊण फुटाचा खोटेपणा कोणाच्या लक्षात येत नाही. वाकडं आढं मात्र दारातून शिरणाऱ्या पहिल्या पाहुण्याला दिसतं.

बाहुलीच्या मापाचं, म्हणजे लेगोचा चार सेंटिमीटरचा माणूस आत उभा राहील असं घर सगळ्यांनाच हवं असतं. ते दुसरं बांधा. त्या प्रमाणात हेच घर १९ बाय २८ स्टड होतं आणि तुकडे हजाराच्या घरात जातात.

६. बांधकाम

यादी आधी देतो. क्रमांक तुकड्याच्या आकाराचा आहे, रंग सोबत लिहिला आहे.

तळ: १६×१६ प्लेट, हिरवी (९१४०५), १
जोतं: ६×८ प्लेट, गडद करडी (३०३६), २
कट्टा: २×६ प्लेट, तपकिरी (३७९५), २
भिंत, पांढरी: १×६ (३००९) ७, १×४ (३०१०) ११, १×३ (३६२२) ३, १×२ (३००४) ६, १×१ (३००५) १
खिडक्या: १×१ पारदर्शक (३००५), ६
दार: १×१ तपकिरी (३००५), २
छप्पर, लाल: ३×४ उतार, ३३ अंश (३२९७) १२, आढ्याचा २×४ दुहेरी उतार, ३३ अंश (३२९९) ३
तुळशी वृंदावन: २×२ प्लेट (३०२२) १, १×१ ठोकळा (३००५) १, १×१ गोल हिरवी प्लेट (६१४१) १

एकूण ५९.

जोत्याच्या दोन प्लेट शेजारी लावून ८×१२ चा चौथरा करा आणि समोर कट्ट्याच्या दोन प्लेट लावा. पुढे अंगणाला चार-पाच स्टड आणि मागे परड्याला एखादा स्टड उरेल अशा बेताने हे सगळं तळावर बसवा.

आता समोरून बघताना डावीकडून १ ते १२ असे स्टड मोजा. गवंडी चिऱ्यांची भिंत बांधताना सांध्यावर सांधा येऊ देत नाही, इथेही तोच नियम आहे. म्हणून कोपरे आलटून पालटून द्यायचे. पहिल्या आणि तिसऱ्या थरात कोपरा पुढच्या-मागच्या भिंतींचा, दुसऱ्या थरात बाजूच्या भिंतींचा.

पहिला थर. पुढे डावीकडून १×३, १×२, मग सहाव्या स्टडवर दारासाठी तपकिरी १×१, आणि उजवीकडे १×६. मागे १×६ दोन. बाजूंना १×६ एकेक. मागचा सांधा इथे खालच्या दोन प्लेटच्या सांध्यावरच येतो. त्यांच्याखाली सलग १६×१६ ची प्लेट आहे म्हणून चालतं. तळ तुकड्या-तुकड्यांचा असता तर घर उचलताच तिथून दुभंगलं असतं.

दुसरा थर. बाजूच्या भिंती आता आठ स्टड लांब: पुढून १×३, पारदर्शक १×१, १×४. दोन्ही बाजूंना तसंच. समोर दोन ते अकरा एवढीच जागा उरते: १×१ पांढरा, पारदर्शक, १×२, दाराचा तपकिरी, १×२, पारदर्शक, १×२. खिडक्या तिसऱ्या आणि नवव्या स्टडवर आल्या की दाराच्या दोन्हींकडे सारखं अंतर राहतं. मागे १×२, पारदर्शक, १×४, पारदर्शक, १×२.

तिसरा थर. पुढे १×४ तीन, मागे १×४ तीन, बाजूंना १×६ एकेक. समोरचा मधला १×४ पाचव्या स्टडपासून आठव्यापर्यंत जातो आणि दारावरून आडवा पडतो. तोच तुमच्या दाराचा लिंटेल. तिथे दोन १×२ लावून जुळवाजुळव केलीत तर छप्पर दाबून बसवताना दारावरची भिंत उकलते.

मग येतं छप्पर, आणि नव्वद टक्के नवखे इथे ४५ अंशांचा उतार घेतात, कारण यादीत तोच आधी दिसतो. ४५ अंशांच्या तुकड्याने प्रत्येक थराला एकच स्टड आत सरकता येतं. म्हणजे ९.६ चढ आणि ८ आडवं, प्रत्यक्ष चढ पन्नास अंशांच्या आसपास. आपल्या घरावर असं छप्पर पाच थर उंच होतं आणि तीन थरांच्या भिंतीवर टोपी घातल्यासारखं दिसतं. ३३ अंशांचा तुकडा एका थराला दोन स्टड आत जातो. चढ सुमारे ३१ अंश येतो आणि खानापुरातल्या कौलांसारखा डोळ्यांना ओळखीचा वाटतो.

छपराची रुंदी दहा स्टड, म्हणजे पुढे-मागे एकेक स्टड वळचण. ती ठेवाच. घाटाजवळच्या पावसात वळचणीशिवाय घर कोणी बांधत नाही, आणि मॉडेलमध्येही तिच्या सावलीमुळेच भिंतीला खोली येते. पहिल्या थरात पुढच्या पाख्याला ३२९७ चे तीन आणि मागच्या पाख्याला तीन. प्रत्येक तुकड्याची पहिली रांग बाहेर, दुसरी भिंतीवर, तिसरी आत.

आता दोन्ही टोकांच्या भिंतींवर, पाख्यांच्या मधे, चार स्टडची फट राहते. तिथे पांढरे १×४ एकेक बसवा. यादीतल्या अकरापैकी हेच ते शेवटचे दोन. हे विसरले तर स्क्रीनवर समोरून काहीच कळत नाही, पण खऱ्या मॉडेलमध्ये छपराचा वरचा थर अधांतरी राहून बोटाच्या दाबाने आत कोसळतो. दुसऱ्या थरात पुन्हा तीन आणि तीन. आता माथ्यावर स्टडच्या दोन रांगा शेजारी शेजारी येतात. त्यांच्यावर आढ्याचे तीन तुकडे दाबले की दोन्ही पाखी एकमेकांत बांधली जातात.

अंगणात २×२ च्या प्लेटवर ठोकळा आणि त्यावर हिरवी गोल प्लेट ठेवा. वृंदावन दाराच्या समोर, सहाव्या स्टडच्या रेषेत येऊ द्या. २×२ वर एक स्टडचा ठोकळा मधोमध बसत नाही, एका कोपऱ्यात बसतो. मध्यावरच हवा असेल तर मधे एकच स्टड असलेली २×२ प्लेट मिळते, ती घ्या.

७. तपासणी

स्टुडिओतली स्थिरतेची तपासणी चालवा. कशालाच न जोडलेले किंवा कमकुवत जोडलेले भाग ती दाखवते. पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. तुकडा बसवायला बोट आत शिरेल का, हे तिला कळत नाही. बांधायचा क्रम एकदा मनात चालवून बघा: भिंत आधी, टोकांचे १×४ नंतर, आढं शेवटी.

मग तुकड्यांची एकूण संख्या बघा. ५९ च्या जागी ६० आली तर बहुतेक वेळा एक ठोकळा दुसऱ्याच्या बरोबर आत लपलेला असतो, चुकून दोनदा टाकलेला. अशा वेळी भिंत एकेक थर लपवत खाली या, सापडतो.

फाइल दर अर्ध्या तासाने नव्या नावाने जपून ठेवा: घर-१, घर-२. वीज जाण्याचा भरवसा नाही, आणि कालचं छप्पर आजच्यापेक्षा बरं होतं असं वाटण्याचाही नाही.

८. तुकडे मिळवणं

पहिल्यांदा स्वतःची पेटी मोजा. पांढरे १×४ आणि १×२ पुष्कळदा घरातच निघतात. छपराचे बारा ३२९७ मात्र क्वचितच कोणाकडे असतात. तेच न मिळाल्यास दोन स्टडचे ३२९८ दुप्पट घ्या, बाराऐवजी चोवीस. दिसायला फरक नाही, फक्त सांधे वाढतात.

उरलेल्या तुकड्यांची यादी स्टुडिओतून ब्रिकलिंकच्या ‘वाँटेड लिस्ट’मध्ये पाठवा. तिथे विक्रेत्याचा देश निवडता येतो. आधी भारत निवडून बघा. दोन रुपये जास्त गेले तरी कस्टमची दगदग वाचते. दुकानागणिक किमान खरेदीची अट आणि टपालखर्च वेगळा असतो. पाच दुकानांतून थोडं थोडं घेण्यापेक्षा दोन दुकानांतून सगळं घ्या, भले एखादा तुकडा महाग पडो.

करडा रंग मागवताना नावाचं प्रत्येक अक्षर वाचा. २००३-०४ च्या सुमारास कंपनीने करड्याची छटा बदलली. ‘लाइट ग्रे’ जुनी आणि ‘लाइट ब्लुइश ग्रे’ नवी. गडद करड्याचंही तसंच. दोन्ही एका जोत्यात आल्या तर ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

परदेशातून मागवणं हा शेवटचा मार्ग. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. दुकानातल्या किमती एवढ्या का, याचं एक उत्तर त्यात आहे. स्वतःच्या वापरासाठी आलेल्या पार्सलला वेगळा दर लागू शकतो आणि अर्थसंकल्पागणिक दर बदलतात, म्हणून मागवायच्या दिवशी चालू दर बघूनच हिशेब करा. शुल्क नुसत्या तुकड्यांच्या किमतीवर नाही, वाहतूक आणि विमा धरून लागतं.

कुरिअरवाले केवायसी मागतात. इथे आपल्या भागाची एक खास अडचण येते. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण अनेकांच्या कागदांवर अजून बेळगाव आहे आणि परदेशी दुकानांच्या फॉर्ममध्ये दोन्हींपैकी एकच स्पेलिंग असतं. पार्सलवरचा पत्ता आणि ओळखपत्रावरचा पत्ता शक्य तितका तंतोतंत जुळवा, राज्य कर्नाटक आहे याची खात्री करा आणि पिनकोड दोनदा तपासा. खानापूर तालुक्यातल्या गावातून मागवत असाल तर जवळची ठळक खूण आणि चालू मोबाईल नंबर लिहा. गल्लीचं नुसतं नाव पुरत नाही.

देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दुकानातून डबा घेताना ते आहे का बघा.

९. सूचना-पुस्तिका

स्टुडिओत बांधकामाचे टप्पे पाडून छापील पुस्तिका करता येते. एका टप्प्यात पाच-सहा तुकड्यांपेक्षा जास्त नको, आणि नव्याने बसणारा तुकडा समोरून दिसला पाहिजे. मागची भिंत बांधताना चित्र फिरवून दाखवायचं, नाहीतर बांधणारा आंधळेपणाने बोटं चाचपत बसतो.

पुस्तिका घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात द्या आणि स्वतः गप्प बसा. तो ज्या पानावर थांबेल, त्या टप्प्याचे दोन टप्पे करा.